डबलबेल

माझ्या मामांना सगळे डबलबेल म्हणत. बसचे कंडक्टर होते ते. दोनदा घंटी वाजली की गाडी निघते, आणि मामांची ती दुसरी घंटी काही लवकर वाजायची नाही. कोणी लांबून धावत येताना दिसलं की त्यांचा हात दोरीवरच थांबायचा. बसलेले प्रवासी करवादायचे, वरचे साहेब मेमो द्यायचे. मामांचं एकच, येणारा दिसतोय तोवर बेल मारायची नाही. मी त्यांची फटकळ भाची. मला हा भाबडेपणा तेव्हाही पटत नव्हता.

ते निवृत्त झाले आणि दवाखान्याकडे जाणारी त्यांचीच बस बंद झाली. मामींचे गुडघ्यांचे उपचार त्याच दवाखान्यात चालू होते. म्हणजे गुडघे बरे करायला गुडघेच झिजवत जायचं. मामा दोन्ही मोठ्या पक्षांचे उंबरठे झिजवून आले. एकाने बस बंद केली होती, दुसऱ्याने ती बंद होताना हात वर केला होता. सगळे एका माळेचे मणी. शेवटी मामांनी स्वतःच नगरपालिकेला उभं राहायचं ठरवलं. बसवाल्यांचा एक चिमुकला पक्ष होता. त्याची सर्वसाधारण सभा मामींच्या स्वयंपाकघरात भरायची आणि तरी एखादी खुर्ची उरायची. निवडून येण्याची आशा मामांनाही नव्हती. मतपत्रिकेवर एकदा नाव छापून येऊ दे, म्हणजे बस हवी म्हणणारे किती आहेत ते तरी दिसेल, एवढंच त्यांना हवं होतं.

आता नियम ऐका. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला नाव सुचवणाऱ्या एकाची सही पुरे, तीही घरून करून आणली तरी चालते. छोट्या पक्षाला सुचवणारे दहा लागतात, आणि त्या दहाही जणांनी उमेदवाराबरोबर येऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची. वर मोठ्यांना मुदत शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत, आम्हाला मात्र बुधवारीच तीनला दार बंद. कारण म्हणे आमच्या सह्या तपासायला वेळ लागतो. आधी दहा सह्या मागायच्या आणि मग त्या दहा आहेत म्हणून आमचाच वेळ कापायचा. याला ते नियम म्हणतात, मी दुसरं काहीतरी म्हणते.

बुधवारी आम्ही वेळेत पोचलो होतो. कचेरी वरच्या मजल्यावर आणि लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी. मामांनी आम्हाला एकेक करून आत घातलं आणि दाराशी उभं राहून डोकी मोजली. एक कमी. तो त्यांचा जुना ड्रायव्हर, पायाने अधू, कठडा धरून कसाबसा जिना चढत होता. मामांनी आधी स्वतः आत यायला हवं होतं. पण कंडक्टर कधी आधी चढतो का? ते खाली उतरले, ड्रायव्हरला काखेत धरून वर आणलं, आत ढकललं, आणि त्याची काठी बाहेर पडली म्हणून ती उचलायला वाकले. तेवढ्यात शिपायाने दार लावलं.

दाराला काच होती. आत आम्ही दहा जण, बाहेर उमेदवार. अधिकारी मान वर न करता म्हणाले, तीन वाजले. मी म्हटलं, साहेब, ते काय समोर दिसताहेत, हातात काठी घेऊन उभे आहेत.

“दिसतात ना,” ते म्हणाले, “पण बाहेर दिसतात. नियम सगळ्यांना सारखा.”

ड्रायव्हर रडायला लागला. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामांनी काचेवर साधी टकटकसुद्धा केली नाही.

शुक्रवारी मी तक्रारीचा अर्ज घेऊन पुन्हा गेले. लिफ्ट चालू झाली होती. तीन कधीच वाजून गेले होते आणि दार सताड उघडं. ते लागू नये म्हणून शिपायाने त्याला खुर्ची लावून ठेवली होती. एका मोठ्या पक्षात उमेदवारीवरून भांडण होतं, ते दुपारपर्यंत मिटलं नव्हतं. “निघालेत ते, वाटेत आहेत,” अधिकारी मला सांगू लागले, जशी काही मीच त्यांच्यासाठी ताटकळले होते. आमचा माणूस डोळ्यांसमोर उभा होता तर तो बाहेर. यांचा कुठे दिसतही नव्हता, तर तो वाटेत. बऱ्याच वेळाने ते आले. एक सही, हसणं-खिदळणं, चहा. बळी तो कान पिळी, दुसरं काय.

माझा अर्ज घेतला, नाही असं नाही. सुनावणी निकाल लागल्यावर होईल म्हणाले. मग आवाज मऊ करून मला समजावलं, बाई, एवढं काय मनाला लावून घेता, पाच वर्षांनी निवडणूक पुन्हा आहेच की.

घरी येऊन मी हे सगळं तावातावाने सांगितलं. वाटलं, आता तरी मामा चिडतील. ते मामींच्या गुडघ्यांना तेल चोळत बसले होते.

“पाच वर्षांनी पुन्हा आहे, असं म्हणाला तो?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. मामांनी तेलाचे हात पुसले.

“गाडी भरली की आम्हीही स्टॉपवरच्या लोकांना सांगायचो, मागून रिकामी येतेय म्हणून,” ते म्हणाले. “जन्मभर सांगितलं.”

“मग? यायची का हो?” मामींनी विचारलं.

“मागे गाडीच नसायची.”