मल्लूच्या हातचा भात

महिन्यापूर्वी सकाळी देवाला फुलं वाहत होते, तेव्हा माझ्या धाकट्या भावाच्या, मल्लूच्या नंबरावरून फोन आला. पलीकडून "हॅलो" ऐकलं आणि मला मल्लूच वाटला. बोलत होता त्याचा मुलगा, सिद्धू. "आत्या... बाबा गेले." खरं तर मल्लू जन्मभर फोन उचलला की "जय हिंद" म्हणायचा, मग पलीकडं गॅसवाला असो की मी. गेलं वर्षभर मात्र नुसतं हॅलो. त्याचं जय हिंद कुणी बंद केलं ते सांगायला बसलेय. मी केलं.

मल्लू चोवीस वर्षं फौजेत होता. परत आला तो जुळे सोलापुरात घर बांधून राहिला. दाराला पितळी पाटी, 'हवालदार, माजी सैनिक'. अंथरुणाच्या घड्या अशा की इस्त्री केल्यासारख्या. जेवणाला आठ म्हणजे आठ; दोन मिनिटं झाली की ताट सरकवायचा, सून बिचारी घड्याळाकडं बघत भाकरी थापायची. संध्याकाळी बुटांना पॉलिश, डोक्यावर ती लोकरीची तिरकी टोपी, आणि कॉलनीत ताठ फेरी. पोरं सलाम ठोकायची. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर 'सावधान' त्याचंच, रस्त्यावरच्या रिक्षासुद्धा थांबत.

आता, जे फक्त मला माहीत होतं ते. मल्लू फौजेत स्वयंपाकी होता. भरती झाल्यावर त्याचं पत्र आलं, आणि घरात वाचता यायचं माझ्या एकटीला... शाळेत गेलेच नव्हते, दुकानांच्या पाट्या वाचत शिकले होते. 'अक्का, मला लंगरात घातलंय. गावात कळलं तर हसतील. कुणाला सांगू नको.' रायफल त्यालाही होती, परेड त्यालाही होती, बर्फातल्या चौकीवर तोही राहिला. पण गावाला हे कोण समजावणार? आईला वाचून दाखवताना मी 'सीमेवर पहारा देतो' असं वाचलं. खोटं पहिल्यांदा मीच बोलले, त्यानं ते पुढं चालवलं. लग्नानंतर बायकोलाही, शांतालाही, तेच सांगितलं.

शांता शेवटचे दोन महिने अंथरुणाला होती. अन्न जात नव्हतं. एक दिवस माझ्यासमोर त्याला म्हणाली, "जन्मभर माझ्या हातचं खाल्लं की. एकदा तुमी कायतरी करून घाला. नुसता भात. कच्चा राहिला तरी खाईन."

"हे हात बंदुकीचे हायत. चुलीला लागत न्हाईत."

ती हसली. "बघा वन्सं, ह्यांना पाणी तापवायला पण बंदूकच लागंल!"

मी मल्लूकडं बघितलं, त्यानं मान वळवली. एका वेळी दोनशे माणसांचा भात काढणारा माणूस... आणि मी? दिलेला शब्द पाळत गप्प बसले. आठव्या दिवशी शांता गेली.

तिच्या दिवसांच्या जेवणाला सगळी कॉलनी आलेली. आचाऱ्याचा भात खाली लागला, तसा मल्लू त्याच्यावर ओरडला, "भात कशाला म्हणत्यात कळतं का तुला?" माझं डोकंच फिरलं. "त्याला काय विचारतोस, तूच काढून दाखव की! चोवीस वर्षं फौजेत दुसरं काय केलंस? शांताला तेवढा मूठभर घातला न्हाईस!" पंगत थांबली. मग कुणीतरी फिसकन हसलं.

ते हसू थांबलंच नाही. पोरं सलाम ठोकून विचारायची, "हवालदारकाका, आज भाजी काय?" एकानं लेकीच्या हळदीची ऑर्डर घेता का म्हणून विचारलं, वर टाळीला हात पुढं केला. पंधरा ऑगस्टला 'सावधान' दुसऱ्याकडं गेलं. कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, "हवालदार, तुमी चहाचं बघा. तुमाला सवय हाय." मल्लूनं बघितलं. छातीवर पदकं, हातात ओगराळं. राष्ट्रगीत सुरू झालं आणि नेमका चहा वर आला. तो ताठ उभा. चहा उतू गेला, शेगडी विझली, त्याची पापणीसुद्धा हलली नाही. गीत संपलं तसे लोक पातेल्याकडं बघून हसले. "चोवीस वर्षं करून चहाबी जमंना की!" मी तिथंच होते. दुसऱ्या दिवसापासून तो हॅलो म्हणायला लागला. संध्याकाळची फेरीही बंद.

शेवटचं भेटले ते स्वयंपाकघरात. सून माहेरी गेलेली. "बस," म्हणाला आणि तांदूळ धुवायला घेतले. भात झाला तशी त्यानं पळीशेजारच्या खुंटीवरची टोपी काढली, फौजेतली तीच, दुमडली आणि त्या टोपीनंच पातेलं धरून खाली उतरवलं. मी "अरे मल्लू!" म्हणेपर्यंत लोकर जळल्याचा वास आला. त्यानं वाढलं. दाणा दाणा सुटा, तरी इतका मऊ की आजारी माणसानंही गिळावा.

"कसा झालाय?"

"लई चांगला."

"मग अक्का, तोंड उघडायचंच होतं तर ती जिती असताना उघडायचंस. लाजंखातर का हुईना, केला असता मी. जेवून गेली असती."

आवाज चढवला नाही त्यानं. माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी खाल्ला. काय करणार...

तो गेला तेव्हा मी सिद्धूला म्हटलं, टोपी घाल त्याच्या डोक्यावर. तो म्हणाला, "नको आत्या, जळकी हाय. लोक बघत्यात." मल्लू उघड्या डोक्यानंच गेला. टोपी मी माझ्या घरी आणली, स्वयंपाकघरात खुंटीला लावली, काळा डाग भिंतीकडं करून. भात झाला की हात तिकडं जातो. मग मी पदरानंच पातेलं उतरवते. पदर विरलाय, बोटं पोळतात... पोळू देत.