फ्राऊ लेम्केची कॉइल

आमचे हे कधी कपबशी विसळत नाहीत. चहा झाला की कप टेबलावर, आणि टेबलावरून तो सिंकपर्यंत कसा पोचतो याचा विचार त्यांनी आयुष्यात केलेला नाही. पण खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेम्केची कॉइल मात्र ते गरम पाण्यात धुतात, मऊ ब्रशनं घासतात, खिडकीच्या उजेडाला धरून बघतात आणि पांढऱ्या रुमालावर वाळत घालतात. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्याच ओट्याशी चालतं ते.

यांचं नाव शशिधर. जर्मनीत, ब्राउनश्वाइगला शिकायला म्हणून आले आणि राहिले. सगळी नोकरी वोल्फ्सबुर्गकडच्या एका कारखान्यात, गाड्यांच्या चाचणी विभागात. एखादा भाग किती तापला की मोडतो, किती वेळा वाकवला की तुटतो, हे बघायचा पगार घ्यायचे. त्यामुळे एखादी वस्तू संपली असं कुणी म्हटलं की यांना ते पटतच नाही. आमच्या तळघरातल्या खोलीत दुरुस्त केलेले टोस्टर आहेत, दुरुस्त होण्याची वाट बघणारे टोस्टर आहेत, आणि टोस्टरला कधीतरी लागतील अशा तारा आहेत. निवृत्त झाल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला सांगितली. ती बंद झाली आणि तिच्या जागी ते वाफेचं यंत्र आलं. लोक त्याला वेप म्हणतात, हे ‘उपकरण’ म्हणतात.

त्या उपकरणात बारीक तारेचं एक वेटोळं असतं, तीच कॉइल. तिच्यातून कापसाची वात जाते. वात ते गोड वासाचं पाणी शोषून घेते, तार तापते आणि वाफ होते. काही दिवसांनी तारेवर काळा थर चढतो, वाफेला करपट चव येते, आणि चार माणसं अशा वेळी कॉइल फेकून नवी बसवतात. पण हे चार माणसांतले नव्हेत. जुनी वात उपसून काढायची, नुसती तार हळूहळू लाल होऊ द्यायची, थर जळून गेला की ती थंड करून नळाखाली घासायची, खडखडीत वाळवायची, नवी वात ओवायची. अशी एकच तार ते महिनोन्‌महिने चालवतात, आणि त्यातली एक शेवटी गेली तेव्हा घरात दुखवटा असल्यासारखे बसले होते.

यात मी कुठून आले, तर वातीतून. दुकानातून आणलेला कापूस संपला होता आणि रविवार होता, म्हणजे सगळं बंद. हे मला म्हणाले, “कुमुद, तुझ्या देवाच्या कापसातून एक वात वळून देतेस का? पण सैल वळ. गच्च झाली तर वर चढत नाही.”

परकरी होते तेव्हापासून मी वाती वळते आहे, आणि हे मला शिकवणार. पण दिली वळून. यांनी ती चिमट्यानं ओवली, एक झुरका घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “परफेक्ट.” या माणसानं माझ्या पुरणपोळीला कधी ‘बरी झालीय’च्या पुढे मजल जाऊ दिली नव्हती. त्यानंतर शनिवारी सकाळी आम्ही टेबलाशी समोरासमोर बसायचो. मी वाती वळायची, हे तारा घासायचे. बोलणं फारसं नसायचं, कारण घरात यांचं बोलणं म्हणजे जर्मन ‘या’ आणि ‘गेनाऊ’. दोन्हींचा अर्थ हो. तरी मला ते शनिवार आवडायचे. माणूस समोर असायचा.

आणि मग फ्राऊ लेम्के उपटली.

ती विधवा, साधारण माझ्याच वयाची, केस आखूड आणि हसणं मोठं. अंगणात सायकलींपाशी उभी राहून स्ट्रॉबेरीच्या वासाचे ढग सोडायची. हे एकदा कचरा टाकायला खाली गेले, हवेत नाक फिरवलं आणि तिला म्हणाले की तुमची कॉइल करपली आहे. नुसत्या वासावरून ओळखलं म्हणून बाई थक्क. इकडे मी दूध उतू गेल्याचा वास येतोय का विचारलं तर यांना सर्दी असते.

त्या दिवसापासून शनिवार तिचा झाला. सकाळी तिची कॉइल आमच्याकडे धुऊन वाळायची. दुपारी हे बिस्किटांच्या जुन्या डब्यात ब्रश, चिमटा, कात्री आणि माझ्या वाती घालून खाली जायचे. आमच्या बाल्कनीच्या बरोब्बर खाली तिची बाल्कनी. मी कपडे वाळत घालायला गेले की खालून आवाज यायचा. यांचा. अख्खी वाक्यं, एकामागून एक, मध्ये थांबून हसणं, परत वाक्यं. मी वाळलेले कपडे पुन्हा झटकून पुन्हा वाळत घालत होते. शब्द नीट कळायचे नाहीत, पण इतकी वर्षं संसार करून हा माणूस एवढं बोलू शकतो हे मला दुसऱ्या बाईच्या बाल्कनीवरून समजत होतं. अंगाचा तिळपापड होतो म्हणतात तो मला तिथे, कपड्यांच्या चिमट्यांसकट झाला.

भरीला भर, ती यांना ‘शशी’ म्हणते. मी अजून ‘अहो’वर आहे. मला ती ‘झी’ म्हणते, म्हणजे आपलं अहो-जाहो. आणि यांच्याशी केव्हाच ‘डू’वर आलेली, म्हणजे सरळ अरे-तुरे. हे तिला नावानं ‘हायड्रुन’ म्हणतात. गेर्लिंगेनला राहणाऱ्या आमच्या दियाला मी फोनवर हे सगळं सांगितलं. मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती हसली आणि म्हणाली, “ममा, लास इन डोख.” असू दे ना, म्हणे. तिच्या वयात मीही असू दे म्हणाले असते. आता मला नको होतं असू द्यायला. मला काय हवं होतं तेही मला पक्कं माहीत होतं. यांनी त्या खालच्या गप्पा वर आणाव्यात, निदान अर्ध्या तरी.

त्यात ती जिन्यात भेटली. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, “तुमच्या नवऱ्याच्या हाताला काय जादू आहे हो. अशा वाती दुकानात मिळत नाहीत. मी त्याला सांगितलं, तू विकायलाच काढ.”

मी हसले. वर आल्यावर यांना विचारलं, “वाती कोण वळतं ते तिला सांगितलं नाहीत?”

“विषय निघाला नाही गं.”

“तीन-तीन तास विषय निघत असतात, आणि हा निघाला नाही.”

“आल्झो, हे बघ कुमुद, आता वातीवरून भांडायचं का?”

“नाही. भांडायचं कशाला? आजपासून वाती देवापुरत्या.”

मग मी वळल्याच नाहीत. पुढच्या शनिवारी यांनी एकदोनदा कापसाच्या पुडक्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मेथी निवडत होते आणि निवडतच राहिले. यांनी स्वतः वळायचा प्रयत्न केला, तर ते उंदरानं कुरतडलेलं काहीतरी झालं. मला बरं वाटलं. दुपारी मी कोथिंबीर आणायला तुर्की दुकानात गेले आणि मुद्दाम दोन चौक जास्त फिरून आले.

परत येताना अंगणातच खोकला ऐकू आला. बाईचा, मोठा, थांबता थांबत नाही असा. आणि वास. तो वास मी झोपेतही ओळखीन. निरांजन विझताना तूप करपतं तो.

काय झालं असणार ते मला तिथेच कळलं. देवघरात माझा एक स्टीलचा डबा असतो. इथल्या थंडीत तूप गोठतं, निरांजन पेटता पेटत नाही, म्हणून मी वाती आधीच तुपात बुडवून, पिळून त्या डब्यात भरून ठेवते. गोठल्यावर त्या कोरड्या वातीसारख्याच पांढऱ्याशुभ्र दिसतात. हात लावला तर लगेच कळतं. पण आमचे हे कापसाला हात लावत नाहीत, बोटांचा घाम लागतो म्हणून. ते सगळं चिमट्यानं करतात. आणि देवघरात हा माणूस दसऱ्याखेरीज फिरकत नाही, मग डब्यात काय असतं ते कुणाला माहीत? मी घरात नाही बघून यांनी त्यातलीच वात उचलून खाली नेली होती.

आधी मला आनंद झाला. मग मी धावले. तिचं दार उघडंच होतं. हे जिन्यात समोरून आले, पांढरेफटक. मला म्हणाले, “तिला बघ जरा,” आणि कठड्याला धरून वर निघून गेले. बिस्किटांचा डबा, ब्रश, सगळं तिच्या टेबलावर टाकून.

फ्राऊ लेम्के पाणी पीत बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खोकला थांबला होता. तुम्ही ठीक आहात ना, डॉक्टरांना फोन करू का, असं मी विचारलं. नको म्हणाली, एकच झुरका घेतला होता. मग मी तिला तूप समजावून सांगितलं. देवाचा दिवा समजावला. आणि वाती माझ्या, हेही सांगितलं, अगदी ठासून.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग ते तिचं मोठं हसू हसली. “म्हणजे मी तुमच्या देवाचा दिवा ओढला.” मलाही हसू फुटत होतं. ते फुटलं असतं तर कदाचित आम्ही दोघी ‘डू’वर आलो असतो.

पण ती पुढे बोलली. “शशीला सांगा, मला काही झालेलं नाही. फार घाबरला बिचारा. साहजिक आहे. फुप्फुसाच्या फोटोत तो डाग दिसल्यापासून त्याला कुणाचा खोकलाच सहन होत नाही. गुरुवारी सीटी स्कॅन झालं की कळेल काय ते. तुम्ही जाताय ना त्याच्याबरोबर? मला म्हणतो, एकटाच जाईन. मी म्हटलं, वेडा आहेस का, बायकोला ने.”

मी मान हलवली. जाणार आहे म्हटलं. तिला कळू दिलं नाही की मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढा मान मी राखला, तिचा नव्हे, माझा. टेबलावरचा डबा उचलला, ब्रश आणि चिमटा आत घातला आणि जिना चढले.

सांगायची लाज वाटते, पण भीती मला नंतर वाटली. आधी जळफळाटच झाला. स्ट्रॉबेरीचे ढग, ते ‘शशी’, ते हसणं, यातलं काहीच खरं दुखण्यासारखं नव्हतं. दुखण्यासारखं हे होतं. यांचा डाग तिच्याकडे होता आणि माझ्याकडे ‘या’ आणि ‘गेनाऊ’. भीती वाटायचा पहिला हक्क माझा होता, तोही यांनी खाली नेऊन दिला.

हे स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. मी डबा समोर ठेवला.

“गुरुवारी किती वाजता आहे?”

“हायड्रुननं सांगितलं,” हे म्हणाले.

“हो. हायड्रुननं.”

“मी सांगणार होतो.”

“कधी? डाग तिला माहीत, तारीख तिला माहीत. तुम्हाला झोप लागत नाही तेही तिलाच माहीत असेल. मी शेजारी झोपते.”

“तिला सांगायला सोपं जातं,” हे म्हणाले. “जर्मनमध्ये बोललं की दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट वाचतोय असं वाटतं. तुला मराठीत सांगायला गेलो की ते खरं होतं गं. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. दोनदा मी चहा मागितला.”

ते दोन्ही चहा मला आठवले. अवेळी मागितले होते, आणि मी कुरकुर करत केले होते. मी यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. भीती आता आली होती, आणि जळणं काही विझलं नव्हतं.

“मग आता मराठीत सांगा,” मी म्हटलं. “पहिल्यापासून. आणि तिला जेवढं सांगितलंत त्याच्यापेक्षा जास्त सांगा.”

यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगायला लागले.