बेचाळिसावा सीन आणि बापाची सायकल

प्रज्ञा बेचाळिसावा सीन वाचत होती आणि समोर बसलेले नाईकसाहेब चहावरची साय चमच्यानं बाजूला काढत होते. ऐकणारा माणूस चहाच्या सायीत लक्ष घालू लागला, की गाडी रुळावरून उतरलीच म्हणून समजावं. वीस वर्षं मुंबईत सीरियल्स लिहून मला एवढं तरी कळतं. आणि तो सीन मीच तिला लिहायला लावला होता.

आम्ही अकोल्यात, स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये बसलो होतो. नाईकसाहेब मुंबईचे निर्माते. शॉर्टफिल्मच्या एका स्पर्धेला परीक्षक म्हणून आले होते. माझी त्यांची जुनी ओळख, म्हणून दुपारचा एक तास मिळाला. प्रज्ञा तायडे माझी विद्यार्थिनी. बडनेऱ्याला रेल्वेच्या तिकीट खिडकीवर नोकरी करते आणि सुटी मिळेल त्या रविवारी मी मुंबईहून परतल्यावर अमरावतीच्या राजापेठेत सुरू केलेल्या पटकथेच्या क्लासला येते. क्लास म्हणजे बारावीच्या ट्यूशनची खोली. रविवारी ती रिकामी असते. फळ्यावरचं फिजिक्स तसंच ठेवून आम्ही कोपऱ्यात पात्रांची नावं लिहितो.

आमच्या धंद्यात स्क्रिप्ट फारसं कुणी वाचत नाही, ऐकतात. निर्मात्यासमोर बसून अख्खा सिनेमा तोंडानं सांगायचा. त्याला नॅरेशन म्हणतात. चांगलं लिहिणारी माणसं इथे गळपटतात, म्हणून मी प्रज्ञाकडून महिनाभर तालीम करून घेतली होती. स्क्रिप्ट लेखकांच्या संघटनेकडे रजिस्टरही करायला लावलं होतं. निर्माता ओळखीचा असला तरी हे आधी करायचं, मग तोंड उघडायचं.

येताना गाडीत ती म्हणाली होती, "मॅडम, हे नाई झालं त मी लिहिनं बंद करते. प्रमोशनसाठी डिपार्टमेंटची परीक्षा देऊन टाकीन."

"असं वेड्यासारखं बोलू नकोस," मी म्हटलं.

"घरी आता निभत नाई मॅडम. मी लिहायले बसली का बाबा उठून बाहेर जातेत."

बाबा त्याच डब्यात, तीन बाकं पुढे, खिडकीशी बसले होते. तायडेकाका रेल्वेतले निवृत्त ट्रॅकमन. मुलगी परगावी जाते म्हणून सोबत निघाले होते, पण सोबत बसले नव्हते. प्रज्ञाच्या लिहिण्यावरून बापलेकीचं बोलणं बंद होतं. पोरगी सिनेमापायी रेल्वेची नोकरी सोडणार, ही त्यांची भीती. जे सांगायचं ते शेजारणीकरवी, नाहीतर भिंतीकडे बघून.

प्रज्ञाची कथा त्यातूनच आली होती. एक निवृत्त ट्रॅकमन आणि त्याची रेल्वेत नोकरी करणारी मुलगी एका घरात राहतात. रागावला की बाप मुलीशी थेट बोलत नाही, बायकोकरवी निरोप देतो. "तिले म्हना, पंखा बंद कर." मुलगी तिथेच असते. मग बायको वारते, निरोप्याची जागा रिकामी होते आणि बाप आपल्या जुन्या सायकलला निरोप सांगायला लागतो. बेचाळिसाव्या सीनमध्ये मुलीच्या हातात भुसावळच्या बदलीची ऑर्डर येते आणि ती बापापुढे उभी राहते.

पहिल्या ड्राफ्टमध्ये या सीनला जेमतेम अर्धं पान होतं. मी लाल पेन काढलं. "संघर्ष कुठाय यात?"

"मॅडम, हाच त संघर्ष हाये."

"तो दिसायला हवा. बापानं बोलायला हवं, मुलीनं उलटून बोलायला हवं. कन्फ्रंटेशन सीन लिही." म्हणजे दोघं आमनेसामने आणि मनात साठलेलं सगळं बाहेर.

"आमच्या घरी असं कोनी बोलत नाई मॅडम."

"घर वेगळं, सिनेमा वेगळा," मी म्हणाले. हे वाक्य मी किती झोकात म्हणाले होते, ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तिनं मुकाट्यानं तीन पानं लिहून आणली. बाप म्हणतो, "या घरात माझी काही किंमत आहे की नाही?" मुलगी रडते. बाप तिच्या आईचा फोटो उचलतो. मी शेरा मारला, "आता कसं!"

तेच आता ती वाचत होती, तेही मी घोटून घेतलेल्या शुद्ध भाषेत. नाईकसाहेबांनी चमचा खाली ठेवला.

"थांबा जरा. चाळीस सीन हा माणूस मुलीशी एक शब्द बोलला नाही. आता एकदम भाषण? हा मला दुसराच कुणीतरी वाटतोय."

मी घाईनं मध्ये पडले. "साठलेलं बाहेर पडतंय ना इथे. क्लायमॅक्सची तयारी आहे ती."

"असेल. पण माझा रस गेला," ते म्हणाले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

प्रज्ञानं फाइल बंद केली. नाकाचा शेंडा लाल झाला होता. माझ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. नाईकसाहेबांना म्हणाली, "सर, मॅडमले सांगा, माहा बाप असा बोलत नाई."

मी तिच्या शेजारी हातभर अंतरावर बसले होते. "प्रज्ञा, मी इथेच आहे."

"सर, मॅडमले म्हना, मी पैलेच सांगतलं होतं. त्याइनं आयकलं नाई."

नाईकसाहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "अहो, हे तर तुमच्या कथेतलंच चाललंय!"

प्रज्ञाच्या तेव्हा लक्षात आलं. तिनं जीभ चावली. आणि मला आठवलं आमचं अमरावतीचं घर. बी.एड. सोडून मी मुंबईला निघाले, तेव्हा माझे वडील अख्खं वर्ष माझ्याशी भावाकरवी बोलत होते. "तिला विचार, राहायची सोय काय." मी समोर बसून भाजी निवडत असायचे. हे सगळं मी कसं विसरले? सीरियलमध्ये वीस वर्षं प्रत्येकाला प्रत्येकाच्या तोंडावर बोलायला लावून लावून माझाच कान गेला होता.

"मग तुमचा बाप कसा बोलतो, ते सांगा," नाईकसाहेब म्हणाले.

प्रज्ञानं फाइल उघडली नाही. महिनाभर पाठ केलेली भाषा बाजूला ठेवली आणि घरात बोलते तशी सांगू लागली.

"मुलगी दारात उभी हाये सर. हातात ऑर्डर. बाप आंगनात सायकल पुसून राहिला. त्याले मालूम हाये, शेजारनीनं सांगतलं. पन तो वर पाह्यत नाई. चाक फिरवते, फडकं मारते. मंग सायकलले म्हनते, 'भुसावळचं ऊन लय वंगाळ, म्हना तिले. दुपट्टा बांधल्याबिगर निंगू नोको म्हना.' मुलगी काहीच बोलत नाई. तो अजून एक चाक पुसते. आन् म्हनते, 'इकडची काळजी करू नोको म्हना. आपुन दोघं हावो ना.' म्हंजे तो आन् सायकल."

एवढंच. अर्धं पान. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

नाईकसाहेबांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "हे कुठे होतं?"

"पैल्या ड्राफ्टमधी, सर."

"काढलं कुणी?"

प्रज्ञानं त्या दुपारी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. तेवढी माया पोरीनं ठेवली.

"मी काढलं," मी म्हणाले.

"परत घाला," नाईकसाहेब म्हणाले. "आता सुरुवातीपासून पुन्हा सांगा. याच भाषेत." एका तासाचे अडीच तास झाले. निघताना त्यांनी सांगितलं, कथा मी घेतो, कराराचा मसुदा पाठवतो.

खाली लॉबीत तायडेकाका खुर्चीच्या कडेवर बसले होते. आम्हाला पाहून उठले. "जय भीम, मॅडम."

"जय भीम, काका."

मुलीकडे न बघता त्यांनी विचारलं, "झालं काय तिचं काम?"

प्रज्ञा माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. "झालं, काका. कथा घेतली त्यांनी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. "तिले म्हना, नोकरी सोडजो नोको."

मी तिच्याकडे वळून म्हटलं, "नोकरी सोडू नको म्हणतात."

"नाई सोडत म्हना," प्रज्ञा म्हणाली.

"आन् म्हना," काका रुमालाकडे पाहत म्हणाले, "लिहिनं बी सोडजो नोको."

हा निरोप मला पोचवावा लागला नाही. प्रज्ञानं ओढणी तोंडाला लावली होती.

करार झाला. सिनेमा कधी होईल ते सांगता येत नाही. आमच्याकडे करार आणि शूटिंग यांच्यामध्ये बरंच पाणी वाहून जातं. प्रज्ञा अजून तिकीट खिडकीवर आहे आणि मी प्रत्येक नव्या लेखकाला हाच सल्ला देते, पहिली स्क्रिप्ट विकली म्हणून राजीनामा लिहायला बसू नका. स्वतःपुरता एक नियम केलाय. लाल पेन काढण्याआधी विचारते, "तुमच्या घरी हे कसं बोलतात?" उत्तर ऐकलं, की निम्म्या वेळा पेन परत आत जातं.

सध्या प्रज्ञा तिसरा ड्राफ्ट लिहितेय. दर रविवारी सकाळी मला काकांचा फोन येतो. "मॅडम, तिचं लिहिनं कुठवर आलं?"

परवा मी म्हटलं, "काका, ती घरातच आहे ना? विचारा की तिलाच."

पलीकडे काका एकदम हळू आवाजात म्हणाले, "आतमधी लिहून राहिली ना मॅडम ते. मी आंगनातून बोलून राहिलो. तिले मंधात कायले उठवावं?"