दाजींची सिम्फनी

आमच्या दाजींइतका चिडका माणूस आख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडायचा नाही, आणि शेजारच्या जुन्नरातून कुणी शोधून आणलाच तर दाजी त्यालाही रडवून परत पाठवतील. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. गाव कळंब, घराणं मेंढपाळांचं, नोकरी मात्र लष्कराच्या बँडात. तिथून येताना पेन्शनबरोबर त्यांनी एका सिम्फनीचं रेकॉर्डिंग आणलं. गेल्या शतकातल्या कुणा परदेशी माणसाची रचना, भलामोठा वाद्यवृंद आणि चार भाग. पहिल्यात दाबून धरलेला संताप, दुसऱ्यात लंगडत नाचत कुणाची तरी टर उडवणं, तिसऱ्यात व्हायोलिनांचं रडणं आणि चौथ्यात ढोल-तुताऱ्यांचा दणदणाट. मी एकदा म्हटलं, "शेवटी विजय होतो वाटतं." दाजी उखडलेच. "इजय कसला, पावणं? डोक्याव बसून 'हास' म्हणलं की मानूस असा हासतो. राग हाय त्यो, राग!"

हे चारही भाग रोज संध्याकाळी ओळीनं वाजत आणि मध्ये कुणी शिंकलं तरी महाभारत घडे. एकदा त्यांनी भावकीला चहाला बोलावून ऐकायला बसवलं. पहिला भाग संपला, शांतता पसरली. आता जागरणात वाद्यं थांबली की जयकार करायचा, ही आमच्याकडची रीत. थोरल्या चुलत्यांनी भक्तिभावानं "येळकोट येळकोट" केलं, सगळ्यांनी "जय मल्हार" म्हणून हात जोडले आणि उठले. दाजींनी दाराला कडी घातली. "अजून तीन पार्ट हायती! कोन हालतंय बघतो!" अक्का आतून ओरडली, "सोडा वो त्यान्ला, धारा काढायच्या हायती." त्यावर, "तुला काय कळतंय त्यातलं!" हे वाक्य ते तिला रोज ऐकवायचे आणि माझं टाळकं सणकायचं.

गेल्या लगीनसराईत एका वरातीची डीजेची भिंत त्यांच्या अंगणाला खेटून उभी राहिली. दाजी भांडायला गेले, तर पोरांनी हसत आवाज वाढवला. दाजीही हट्टानं समोरून हलले नाहीत. बँडातल्या ढोलांनी अर्धे केलेले कान त्या दिवशी जवळजवळ पुरते गेले. आठवलं की अजून माझं रक्त उकळतं, त्या पोरांवर आणि या हट्टी माणसावरही.

परवा गेलो तर तिसरा भाग चालू होता. दणदणाट दाजींना अजून थोडा जाणवतो, हळू सूर मुळीच नाहीत. ते अक्काच्या तोंडाकडे बघत बसले होते. शेंगा फोडता फोडता ती त्यांच्या कानाशी वाकून ओरडून सांगत होती, "आता एकलीच बासरी... लई हळू. आता समदी संगं रडत्यात." इतकी वर्षं चुलीपुढून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. मला ते बघवेना. दाजी पूर्वीसारखे एकदा तरी चिडावेत म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "बंद करा हे रडगाणं!"

दाजींना काहीच कळलं नाही. अक्काच गर्रकन वळली. "गप बस की रं! तिसरा चाललाय."

"काय झालं?" दाजींनी तिला घाबरून विचारलं. "थांबलं का?"

"न्हाई वो," ती त्यांच्या कानाशी ओरडली. "व्हायोलिनं हायती अजून."