डाव्या बाजूचा नवा दिवा

ती जीप मला आजही आठवते. हिरवट रंगाची, दोन मालकांच्या हातून गेलेली, आणि पुढचा डावा दिवा उजव्यापेक्षा स्वच्छ. नोकरीत याहून मोठे गुन्हे माझ्याकडे आले. पण हा तपास आधी माझ्या हातून चुकला होता, म्हणून तो डोक्यातून गेला नाही.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. शिरपूरकडच्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक म्हणून नवीन होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी जबाब लिहिताना हात अडखळायचा. माणसांशी बोलण्यापेक्षा कागद वाचणं मला सोपं जायचं. कागद आपल्याकडे रोखून बघत नाही.

पितृपक्षातल्या एका संध्याकाळी, दिवेलागणीला, शेतातून सायकलवर घरी निघालेल्या एका म्हाताऱ्याला कोणीतरी उडवून निघून गेलं. म्हातारा जागेवरच गेला. पंचनाम्यात आम्हाला वाकलेली सायकल, काचेचे तुकडे आणि हिरव्या रंगाचा पापुद्रा मिळाला. पुढे तीन आठवडे काहीच हाती लागलं नाही.

दसऱ्यानंतर खबर आली. खबर देणारा शिरपूरचा गॅरेजवाला होता. खेड्यांकडच्या लायनीवर, प्रवासी वाहतुकीला, एक जीप नव्याने लागली आहे, तिचा डावा दिवा नवा आहे आणि त्याच बाजूच्या मडगार्डचा रंग ताजा आहे, एवढंच त्याने सांगितलं. आम्ही नाक्यावर थांबलो आणि प्रवासी उतरवून जीप ठाण्यात आणली.

चालक सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला, तिशीतला शेतकरी. जीप त्याने दोंडाईच्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. डॅशबोर्डात सौद्याचा स्टॅम्पपेपर होता. तारीख अनंत चतुर्दशीची, म्हणजे अपघाताच्या दहा-बारा दिवस आधीची. ‘गाडी आजरोजी ताब्यात मिळाली’, खाली त्याची सही.

“अपघाताच्या दिवशी गाडी तुझ्याकडे होती,” मी म्हणाले.

“नहीं बाई. गाडी मी घट बसनात त्या रोज आनी.”

“मग कागदावर सही का केलीस?”

“सौदा त्या रोज झाया, म्हनीन कागदबी त्याच रोज झाया. मांगला बाक फाटेल व्हतात, ते शेठ शिवीसन देवाव व्हता. मंग पितर लागनात. पितरेसमां गाडी घर कोन आनस?”

हवालदार हसला. “मॅडम, हे लोक पितरांनाही साक्षीला आणतील.”

मी हसले नाही, पण जबाबाखाली लिहिलं : ‘आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो.’ हे वाक्य मी वरिष्ठांच्या कागदांत वाचलेलं होतं. लिहायला सोपं होतं.

दोंडाईच्याला व्यापाऱ्याने कार्बन प्रत दाखवली. गाडी त्याच दिवशी दिली, असं तो शांतपणे म्हणाला. माझं समाधान झालं.

गुन्हा जामीनपात्र होता, पण जमीन बापाच्या नावावर आणि बाप अंथरुणाला खिळलेला. सातबारा घेऊन उभा राहील असा जामीनदार मिळेना. सहा दिवस झाले तरी तो आतच होता. त्याचा भाऊ दोन दिवस ठाण्याच्या ओट्यावर बसून होता. त्याला काय सांगायचं आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

सातव्या दिवशी धुळ्याहून एक आबा आले. सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सत्तरीला आलेले. गाड्यांचं त्यांना वेड होतं. धुळ्यापासून जामनेरपर्यंत कोणालाही जुनी गाडी घ्यायची असली की आधी आबांना न्यायचे. ते ठाण्यात न येता सरळ आवारातल्या जीपकडे गेले आणि गुडघे टेकून खालून बघू लागले.

“ओ आबा, मुद्देमाल आहे तो,” हवालदार ओरडला.

“माहीत आहे. या गाडीला मीच पास केलं होतं.”

मी त्यांना आत बसवलं. ते आधी गाड्यांवरच बोलले. जुनी गाडी सकाळी थंड इंजिनावर बघावी. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर चहा प्यावा आणि घरी जावं. मीटर फिरवता येतो, क्लचच्या पेडलचं रबर घासलेलं असतं ते परत येत नाही. गुळगुळीत नवा रंग दिसला तर खूश होऊ नये, का दिला ते विचारावं.

“आणि हे पेट्रोल-डिझेलचं आपलं चाललंय तोवर बरं,” ते म्हणाले. “उद्या बॅटरीवरच्या गाड्या येतील. इंजिनाचा आवाज नाही, ऑइलचा वास नाही. मग आमच्यासारख्यांनी काय ऐकायचं आणि काय हुंगायचं?”

मी घड्याळाकडे बघितलं. ते त्यांच्या लक्षात आलं.

“बाई, चतुर्दशीला मी गाडी बघितली तेव्हा दोन्ही दिव्यांच्या काचा पिवळट होत्या. घटस्थापनेला ताबा घ्यायलाही मीच सोबत होतो. तेव्हा डावी काच नवी. शेठ म्हणाले, सणाचं म्हणून बसवून दिली. मी विचारायला हवं होतं, एकच का? नाही विचारलं. मघाशी तुम्हाला जे नियम सांगितले, ते त्या दिवशी मीच विसरलो.”

“पण कागद?”

“कागद ठेवा बाजूला. त्याच्या गावात जाऊन विचारा, नारळ कधी फोडला.”

मी त्याच्या गावात एकदाही गेले नव्हते. दुपारी गेले. पहिल्याच घरापुढे एक अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. जीप गावात कधी आली, असं विचारलं.

“घट बसनात त्या रोज. बठ्ठा गाव उना व्हता नारळ फोडाले.”

“त्याआधी नव्हती?”

अक्कांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. “त्याना पहिले पितर व्हतात ना, बाई. पितरेसमां कोन आनस?”

तेच वाक्य. मी ते ‘उडवाउडवी’ म्हणून सहीनिशी लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याला गेलो. दिवा बसवणारा मेकॅनिक स्टेशनजवळच सापडला. पितृपक्षात शेठची जीप आपल्याकडे आल्याचं त्याने सांगितलं. मग आम्ही व्यापाऱ्याच्या घरी गेलो. त्याची म्हातारी आई चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. मी मुद्दाम तिलाच विचारलं, “आजी, जीप चतुर्दशीलाच गेली का हो घरातून?”

“नाही गं. बाक शिवून यायचे होते. मग पितृपक्ष लागला. पितरांत आमच्याकडे दारातली गाडी दुसऱ्याला देत नाहीत. घटस्थापनेला मीच ओवाळून पाठवली.”

व्यापारी कपातल्या चहाकडे बघत राहिला. म्हातारीला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. ती म्हणाली, “घे ना चहा. गार होतोय.”

बाहेर आल्यावर त्याने कबुली दिली. त्या संध्याकाळी शिरपूरच्या बाजारातून जीप घेऊन तोच परत येत होता. तो म्हणाला, “कागद आधीच झाला होता मॅडम. वाटलं, देवानेच सोय केली.”

मी कलम १६९ खाली, त्याच्याविरुद्ध पुरावा नाही असा, अहवाल पाठवला आणि तो शेतकरी सुटला. जीप त्याला सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सही करून सांभाळायला, मिळाली. त्याची माफी मागायचं मनात होतं. पण मी फक्त सही कुठे करायची ते दाखवलं.

वर्षभराने बंदोबस्तासाठी त्याच्या गावी गेले. जीप निंबाखाली उभी होती, टायर बसलेले. या गाडीने माणूस मारला, हे आमच्याच तपासाने सिद्ध झालं होतं. आता तिच्यात कोणी बसत नव्हतं आणि ती कोणी विकतही घेत नव्हतं. तो दुसऱ्याच्या गाडीवर चालक होता.

“मी सुटनू बाई,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “गाडी नहीं सुटनी.”

परवा भाच्याला जुनी इलेक्ट्रिक कार घ्यायची होती म्हणून त्याच्याबरोबर गेले. आबा म्हणाले तसंच होतं, ऐकायला आणि हुंगायला काही नाही. बॅटरी किती उरली ते विकणाऱ्याने मोबाइलवर दाखवलं. भाच्याला ते पटलं. मी पेडलचं रबर बघितलं, दोन्ही दिवे बघितले आणि विकणाऱ्याला विचारलं, ही गाडी आधी कोणाच्या दारात उभी होती, आणि का विकली. तो म्हणाला, कागद सगळे क्लिअर आहेत, मॅडम.

मी भाच्याला म्हणाले, चहा पी, घरी जाऊ. गाडी घ्यायच्या आधी कागदावरच्या जुन्या मालकाच्या गल्लीत जाऊन विचारू.

त्या जबाबानंतर पुढच्या सगळ्या नोकरीत ‘उडवाउडवीची उत्तरे देतो’ हे वाक्य मी पुन्हा लिहिलं नाही. पण निंबाखालच्या त्या जीपला त्याचा काही उपयोग झाला नाही.