तिसऱ्या बाकावरचा यात्रेकरू

चर्चमध्ये सगळे त्यांना यात्रेकरू म्हणत. हे नाव कुणी चिडवायला ठेवलेलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. बाप्तिस्मा असो, लग्न असो की मयत, दोन शब्द बोलायला उभे राहिले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बंधुभगिनींनो, आपण सगळे यात्रेकरू आहोत." मग त्या दोन शब्दांची चाळीस मिनिटं होत. हे जग म्हणजे तंबू, देह म्हणजे वाटेतली पथारी, खरं घर देवाजवळ, तेव्हा सामान हलकं ठेवा. "सामान हलकं" ऐकू आलं की भाषण संपत आलं, हे त्यांच्या बायकोला पाठ होतं. ती चपलेत पाय सरकवायला लागे.

हलक्या सामानाच्या या माणसाच्या घरात सात मोडक्या छत्र्या आणि तीन बंद इस्त्र्या होत्या. टाकायचं नाव काढलं की "वाटेत कधी काय लागेल सांगता येतं का?" हे उत्तर तयार.

नोकरी बस डेपोत, वाहतूक नियंत्रकाची. काचेच्या केबिनमध्ये बसून छत्तीस वर्षं त्यांनी जगाला गावोगावी पाठवलं आणि स्वतः घर ते डेपो चालत गेले, कारण त्यांना गाडी लागायची. कामाला मात्र चोख. फलाटावर रेंगाळलेला एखादा ड्रायव्हर काचेशी येऊन अजीजी करी, "साहेब, निघालीच समजा. टाका ना रजिस्टरात वेळ." त्यावर यात्रेकरू माइकवरून सगळ्या डेपोला ऐकू जाईल असे कडाडत, "चाक हलल्याशिवाय वेळ पडणार नाही! फलाटावर नुसती घरघरणारी गाडी सुटलेली धरत नाहीत!"

निवृत्तीनंतर त्यांना एकच केबिन उरली, चर्चमधल्या तिसऱ्या बाकाचं डावं टोक. तिथे ते एक्केचाळीस वर्षं बसत होते. लाकडाला त्यांच्या मापाचा खळगा पडला होता. छत्री अडकवायला त्यांनी स्वतः ठोकलेला हूक होता, आणि बुडाखाली निळी उशी. एकदा एक पाहुणा चुकून तिथे बसला. यात्रेकरू नुसते बाजूला उभे राहून त्याच्याकडे पाहत राहिले. त्या बिचाऱ्याला बालपणापासूनची सगळी पापं आठवली आणि तो उठून मागे गेला.

निळी उशी शिंपीणबाईंनी शिवलेली. चर्चमधल्या निम्म्या लोकांच्या अंगावर त्यांच्या हातचा टाका होता. यात्रेकरूंच्या बायकोची तर त्या मैत्रीणच. दोन वर्षांपूर्वी शिंपीणबाईंची एक बाजू लुळी पडली आणि त्या चाकाच्या खुर्चीत आल्या. कान आधीच मंद. खुर्ची मधल्या वाटेत मावेना, म्हणून त्यांना शेवटी, दाराशी ठेवत. तिथे त्यांना रस्त्यावरचे हॉर्न स्पष्ट ऐकू येत, आणि प्रवचन शेजारच्या घरात कुणीतरी भांडावं तसं.

शेवटी पाळकसाहेबांनी सुताराला बोलावलं. त्याने फूटपट्टी फिरवली आणि सांगितलं, खुर्ची बसेल अशी जागा एकच, बाजूच्या दारापाशी. फक्त तिसऱ्या बाकाचं डावं टोक अडीच फूट कापावं लागेल.

ही बातमी घरी आली तेव्हा यात्रेकरूंनी चहाचा कप बशीत असा ठेवला, की बशीला तडा गेला.

"अहो, अडीच फुटांचा तर प्रश्न," बायको म्हणाली.

"प्रश्न फुटांचा नाही. तत्त्वाचा आहे."

तिच्या आजवरच्या अनुभवात तत्त्व नेमकं यांच्या बुडाखालीच सापडायचं. यात्रेकरूंनी चर्चच्या पंच कमिटीला चार पानी अर्ज लिहायला घेतला. बाकाचं वय, जुन्या लाकडाचा मान, दोन्ही बाजूंची शोभा असं सगळं त्यात आलं. शिवाय शेवटचे पहिले होतील असं प्रभूनेच सांगून ठेवलंय, त्या अर्थी शिंपीणबाईंची मागच्या दाराजवळची जागा आध्यात्मिकदृष्ट्या जास्त वरची, असंही आलं.

"इतकी वरची आहे, तर तुम्हीच जा की तिथे."

"मला मागे नीट ऐकू येत नाही."

"तिला तरी दुसरं काय होतंय?"

"तुला नाही कळायचं. माझी गोष्ट वेगळी."

ती वाटाणे सोलत राहिली. पण सोललेलीच शेंग पुन्हा सोलायला लागली. तिची आई शेवटची तीन वर्षं याच घरात अंथरुणाला खिळून होती. रोज सकाळी कामावर जायच्या आधी हा माणूस परात घेऊन बसे, म्हातारीचे सुजलेले पाय कोमट पाण्याने धुई, बोटांच्या मधली जागासुद्धा कोरडी करी. याबद्दल तो एका भाषणात कधी बोलला नाही. त्या परातीकडे बघून तिने सगळी चाळीस मिनिटं सोसली होती. तोंडाचं जाऊ दे, माणूस आतून चालतोय, अशी मनाची समजूत घातली होती. आता या अर्जाखाली त्याची सही पडली, तर ती समजूत कुठे ठेवायची? मोडक्या छत्र्यांत?

सही पडली. रविवारी उपासना संपल्यावर सभा बसली. बाजूच्या दारातून खुर्ची ढकलून शिंपीणबाईंना पुढे आणलं होतं, त्यांच्या बऱ्या कानाशी यात्रेकरूंची बायको. यात्रेकरू उठले, घसा साफ केला. "बंधुभगिनींनो, आपण सगळे यात्रेकरू आहोत..."

"काय म्हणतायत गं?" शिंपीणबाईंनी मोठ्याने विचारलं. बहिऱ्या माणसाची कुजबुजही चव्हाट्यावरची असते.

"आपण सगळे यात्रेकरू आहोत, म्हणतायत!"

"हो का?" त्या मनापासून कौतुकाने म्हणाल्या, "मग कुठवर आलात, दादा?"

यात्रेकरूंना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "एक्केचाळीस वर्षं चालतोय मी, बाई."

आणि चर्चमध्ये गाण्यापलीकडे कधी तोंड न उघडणारी त्यांची बायको म्हणाली, "चाक कुठे हललंय? एक्केचाळीस वर्षं गाडी तिसऱ्याच फलाटावर घरघरतेय. यांच्याच नियमानं ती सुटलेली धरता येत नाही."

आधी कुणीतरी खोकलं. मग सगळे हसले. पाळकसाहेबांना एकाएकी गीतांच्या पुस्तकात काहीतरी शोधावंसं वाटलं. यात्रेकरू हसले नाहीत. त्यांनी चार पानांची घडी केली, घडीची घडी केली, ती खिशात घातली आणि ते खाली बसले. "मला आणखी काही बोलायचं नाही," एवढंच म्हणाले. चाळीस मिनिटांचा माणूस पाऊण मिनिटात आटोपला.

घरी आठवडाभर अबोला. "मीठ कमी आहे," हे ते भिंतीला सांगत, आणि भिंतीतर्फे बायको मीठ आणून देई. चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा केला, हे तिला आतून खात होतं. पण माफी मागायला गेली की तो अर्ज आठवे, आणि ती परत भांडी घासायला वळे. शनिवारी ते पेचकस घेऊन काही न सांगता बाहेर पडले. तासाभराने आले आणि टेबलावर एक गंजका हूक ठेवला.

"सुताराची करवत अडकली असती," त्यांनी भिंतीला सांगितलं.

रविवारी तिसरं बाक अडीच फूट आखूड होतं, कापल्या जागी ताज्या लाकडाचा वास. शिंपीणबाईंची खुर्ची तिथे चपखल बसली. यात्रेकरू चौथ्या बाकाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथला माणूस दचकून मागे सरकला, त्याच्यामुळे पाचव्यावरची विधवा उठली, तिच्यामुळे सहाव्यावरचा मास्तर. एक यात्रेकरू हलला आणि सगळ्या डाव्या बाजूला यात्रा घडली.

बसल्याबरोबर ते कळवळले. "अगं, उशी कुठेय?" हे भिंतीला नव्हतं, शेजारी बसलेल्या बायकोला होतं.

"तिच्या पाठीला लावलीय."

ते शिंपीणबाईंच्या पाठीकडे बघत पुटपुटले, "देवाकडे पुढे सरकायचं म्हणतात, आणि मी एक बाक मागे आलो."

"फलाटावरून गाडी आधी मागेच घ्यावी लागते ना?"

छत्तीस वर्षं गाड्या सोडलेल्या माणसाने मान डोलावली. प्रवचन सुरू झालं. दोन वर्षांत प्रथमच शब्दन् शब्द कानावर पडत असलेल्या शिंपीणबाई बराच वेळ भक्तिभावाने ऐकत होत्या. मग मागे वळून त्यांनी अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं विचारलं, "रोज एवढं लांबतं का गं हे? मागेच बरी होते की मी!"

यात्रेकरू त्यांच्या कानाशी वाकले. बायकोने डोळे मिटून घेतले.

"वाटेत त्रास व्हायचाच, बाई," ते म्हणाले. "हवं तर जागा बदलू." आणि उपासनेत हसणाऱ्यांकडे आजवर डोळे वटारलेला तो माणूस असा खुदखुदला, की चौथं बाक कुरकुरलं.

पुढचं गीत सुरू झालं तेव्हा त्यांच्या मांडीवरचं पुस्तक उघडं होतं. बायकोने तिरक्या नजरेने पाहिलं. समासात पेन्सिलीने, डेपोतल्या रजिस्टरात लिहीत त्याच गोल अक्षरात लिहिलं होतं: ८.५२, सुटली.