वायर माझ्या खिशात होती, तरी सातचा भोंगा वाजला

भूतबित मी मानत नाही, मित्रांनो. मी लिनक्सवाला – काही बिघडलं की लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, बघायची, कारण सापडतंच. हे एकच सापडलं नाही... म्हणून लिहितोय.

९८ सालची गोष्ट. माधवनगरला एक छोटा लूमचा कारखाना. तिथले टाइमकीपर इस्माईलचाचा. रोज सकाळी आधी रेडिओवरची वेळ ऐकायची, मग भिंतीवरचं घड्याळ मिळवायचं, मग सातला भोंग्याचं बटण दाबायचं. तीस वर्षं! धाकट्या शेठना वाटलं हे काम कॉम्प्युटरनं करावं. मी लय खुशीत लिनक्स टाकला, भोंगा जोडला.

"जमलं की चाचाला घरी बसवू," शेठ म्हणाले. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

आणि जमेचना! मशीनची आतली बॅटरी मेलेली, रोज चालू केलं की घड्याळ शून्यावर. ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडून वायरीतून वेळ घ्यायची, तर ती मिळत नव्हती. भोंगा भलत्याच वेळी. लूमवाले हसायचे – "आवं चाचा, तुमचा जावई कवा बी वरडतोय की!"

खरं सांगतो, मनातून मी खूश होतो.

एक दिवस चाचा शेजारी येऊन बसले. "ह्यात आधी कोण उठतं रं?"

मशीन चालू होताना काय कितव्या नंबरला सुरू होतं, ती यादी मी दाखवली. वेळ घेणारी सर्व्हिस दहा नंबरला, नेटवर्क वीसला.

"आरं गड्या, वायर जागी व्हायच्या आदीच येळ मागतोस व्हय? रेडिओ लावल्याबिगर मला तरी कुटनं कळंल?"

बस्स... तेवढंच चुकत होतं! त्या भरात शेठचं बोलणं विसरून मी नंबर बदलले – आधी नेटवर्क, मग वेळ, मग भोंगा. दुसऱ्या दिवशी बरोब्बर सातला वाजला. चाचांनी हसून टाळी दिली. महिनाअखेर ते पलूसला लेकीकडे गेले. कायमचे.

मला चैन पडेना. एका सकाळी मशीन चालू करायच्या आधी मी वायर उपटली, गुंडाळून खिशात घातली. भोंगा चुकेल, शेठ चाचांना बोलावतील – एवढाच प्लॅन.

सातला भोंगा वाजला. वॉचमनच्या रेडिओवरही नेमके सात.

लॉग उघडला. नेटवर्क – फेल. त्याखाली – वेळ मिळाली. कुणाकडून? ती जागा कोरी!!

"शेठ, चाचांना परत घ्या हो..."

"कशाला? झ्याक चाललंय की मशीन."

दुपारच्या एसटीनं पलूस गाठलं. चाचा खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. त्यांची लेक रेहाना म्हणाली, "आठ दिस झालं, बोलत न्हाईत. रेडिओचं सेल बी संपल्यात, तरी सकाळी कानाला लावून बसत्यात. सात वाजलं की खाटंच्या कडंवर अंगठा दाबत्यात. आज लय जोरात दाबला... नख काळं पडलंय बगा."

चाचांनी मान वळवली. "वाजला?"

"व्हय चाचा. सातला."

"मंग झालं."

त्यानंतर ते बोललेच नाहीत. पंधरा दिवसांत गेले.

लॉगची प्रिंट अजून माझ्याकडे आहे. लय जणांना दाखवली – कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. फक्त एवढंच सांगायचं राहिलं, चाचा... त्या दिवशी तो वाजायला नको होता.